फुटाला एक इंच

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबरला दिलेला एक निकाल वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत राहून गेला. त्याच दिवशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अल्पसंख्याक दर्जाचा निकाल आला, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाचा तो अखेरचा दिवस होता आणि महाराष्ट्रात विधानसभेच्या प्रचाराचा धुरळा उडालेला होता. त्या गर्दीत ‘राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याकडे कोण बघणार? पण दवाखान्याच्या, शाळेच्या किंवा तहसील कचेरीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या दिवसाची मोठी बातमी हीच होती.

प्रकरण २००५ पासूनचे आहे. रतुरी स्वतः दृष्टिबाधित. सार्वजनिक इमारती, रस्ते आणि वाहने दिव्यांगांना वापरता यावीत, एवढीच त्यांची मागणी. दरम्यान २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. सुगम्यतेची मानके केंद्राने नियम करून ठरवावीत, असे त्याचे ४० वे कलम सांगते. २०१७ मध्ये नियम झालेही. मात्र त्यातल्या पंधराव्या नियमाने स्वतः काही ठरवण्याऐवजी निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. ही तत्त्वे बरीचशी ‘असावे’, ‘शक्यतो ठेवावे’ अशा सल्ल्याच्या भाषेत आहेत. म्हणजे कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो आणि त्याच्याखालचा नियम ‘केले तर बरे’ म्हणतो. न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि कुणालाही टाळता येणार नाहीत असे किमान निकष वेगळे काढून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत, असा आदेश केंद्राला दिला. नियम मोडणाऱ्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रोखावेत आणि कायद्यातल्या दंडाच्या तरतुदी वापराव्यात, असेही सांगितले.

सल्ल्याचा नियम होतो तेव्हा नेमके काय बदलते, हे समजण्यासाठी सगळ्या तरतुदींमधली एकच उचललेली बरी. दारापुढचा रॅम्प. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र असू नये. हे दोन आकडे अनेक नकाशांवर लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ मात्र नकाशा काढणारा, तो मंजूर करणारा आणि प्रत्यक्ष काँक्रीट ओतणारा या तिघांना एकसारखा कळतोच असे नाही. गंमत म्हणजे यासाठी लागणारे गणित नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

गवंड्याला १:१२ असे सांगितले तर तो क्षणभर थांबेल. ‘फुटाला एक इंच’ म्हटले की लगेच समजेल. न्हाणीघराचा उतार काढताना तो याच भाषेत बोलतो. जमिनीवर आडवे एक फूट पुढे गेले की उंची एक इंच वाढली पाहिजे. फुटात १२ इंच, म्हणून १:१२. आता हा रॅम्प बाजूने पाहिला तर एक काटकोन त्रिकोण दिसतो. जोत्याची उंची ही उभी बाजू, जमिनीवरची लांबी ही आडवी बाजू, आणि जिच्यावरून खुर्ची चढते ती तिरकी बाजू म्हणजे कर्ण. उभी आणि आडवी बाजू यांच्यामध्ये काटकोन. रॅम्प जिथे जमिनीला टेकतो त्या टोकाला जो छोटा कोन होतो, तो आपल्या कामाचा. त्या कोनात उभे राहून पाहिले की उभी बाजू समोर येते आणि आडवी बाजू लगत.

त्रिकोणमिती शिकताना मुले इथेच अडखळतात. साइन, कोसाइन आणि टॅन्जंट ही तीन नावे एकदम फळ्यावर येतात आणि कोणत्या बाजूला कशाने भागायचे हे पाठ करावे लागते. त्याआधीची एक साधी गोष्ट सांगायची राहून जाते. पायरी एकच असेल, समजा १५ सेंटिमीटरची, तर फुटाला एक इंच या हिशेबाने रॅम्प १८० सेंटिमीटर लांब होईल. तीन पायऱ्यांचे ४५ सेंटिमीटर जोते असेल तर ५४० सेंटिमीटर. दोन्ही रॅम्प आकाराने अगदी वेगळे. पण १५ भागिले १८० आणि ४५ भागिले ५४० यांचे उत्तर एकच, ०.०८३. चढही तोच. त्रिकोण लहान असो की मोठा, कोन तोच राहिला तर बाजूंचे गुणोत्तर बदलत नाही. सगळी त्रिकोणमिती या एका गोष्टीवर उभी आहे. समोरच्या बाजूला लगतच्या बाजूने भागून जे गुणोत्तर येते त्याला टॅन्जंट, म्हणजे टॅन, असे नाव दिले एवढेच. गवंडी ज्याला ‘फुटाला इंच’ म्हणतो ते टॅनच. १:१२ म्हणजे टॅन ०.०८३, आणि हा टॅन असलेला कोन पावणेपाच अंशांचा.

पावणेपाच अंश डोळ्यांना जवळजवळ सपाटच दिसतात. नेमकी अडचण इथे आहे. तीन पायऱ्यांसाठी साडेपाच मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट लांब रॅम्प लागतो हे ऐकून दवाखान्याच्या मालकाचा, सोसायटीच्या चेअरमनचा आणि कधी कधी सरकारी अभियंत्याचाही विश्वास बसत नाही. दारापुढे जागा पाच फुटांची. मग पायऱ्यांच्या कडेला दीड मीटरमध्ये सिमेंटची घसरगुंडी बसवली जाते, वर निळ्या रंगात खुर्चीचे चित्र काढले जाते आणि तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प : आहे’ या रकान्यात बरोबरची खूण होते. ४५ भागिले १५० म्हणजे ०.३. कोन सुमारे १७ अंश. मान्य चढाच्या साडेतीन पटींहून जास्त.

साडेतीन पट चढ शरीराला किती पडतो, हे सांगते साइन. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. चढावर ठेवलेल्या वस्तूचे वजन दोन वाटांनी जाते. काही भाग रॅम्पच्या पृष्ठभागावर दाबला जातो, तर काही भाग वस्तूला उताराकडे ओढतो. ओढणारा भाग म्हणजे एकूण वजन गुणिले कोनाचा साइन. ८० किलोचा माणूस आणि २० किलोची खुर्ची मिळून १०० किलो धरले, तर फुटाला एक इंच चढावर हा मागे ओढणारा जोर ८.३ किलोचा. किराणा भरलेली पिशवी उचलावी तेवढा. १:८ चढ असेल तर तो १२.४ किलो होतो, १:६ असेल तर १६.४ किलो. आणि दीड मीटरच्या त्या घसरगुंडीवर २९ किलो. हा फक्त गुरुत्वाकर्षणाचा वाटा. त्यावर चाकांचे घर्षण, बेअरिंगमधली धूळ, कमी हवेचे टायर. शिवाय तो झटक्यात संपणारा नाही. वर पोहोचेपर्यंत एक क्षणही न सोडता लावायचा.

हा जोर येतो कुठून? स्वतः चाके ढकलणाऱ्या माणसाचा येतो खांद्यातून. मांडीचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, कारण त्याला शरीर पेलायचे असते. खांद्याची वाटी उथळ असते. हात सर्व दिशांना फिरावा म्हणून निसर्गाने तिथे मजबुती कमी ठेवली आहे. सांधा जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे चार स्नायू आणि त्यांचे कंडरे, आणि त्यातला वरचा कंडरा हाडाच्या अरुंद कमानीखालून जातो. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय होतात. तो त्यांच्यावर चालतो, पलंगावरून खुर्चीत येतो, खुर्चीतून कमोडवर जातो. वर्षानुवर्षे असा भार आला की त्या कंडऱ्याला सूज येते, पुढे तो फाटतो. पाय गेलेल्या माणसाचा खांदा दुखावणे म्हणजे काय, हे अस्थिरोग आणि पुनर्वसन विभागांत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्याला ‘खांद्याला विश्रांती द्या’ असे सांगता येत नाही, कारण विश्रांती दिली तर तो अंथरुणाला खिळतो.

आपल्याकडे खुर्ची ढकलणारे बहुधा घरचेच कुणीतरी असते. अर्धांगवायू झालेल्या सत्तरीच्या नवऱ्यामागे पासष्टीची बायको. तिचे गुडघे आधीच गेलेले, कधी रक्तदाब, कधी हृदयाचा त्रास. २९ किलोचा जोर कायम ठेवून चढ चढणे तिच्याकडून होत नाही. मग वॉचमन, रिक्षावाला, शेजारच्या रुग्णाचा मुलगा, असे कुणाकुणाला हाक मारून खुर्चीसकट माणूस उचलला जातो. रॅम्प असूनही. स्ट्रेचरचा हिशेब आणखी वाईट. रुग्ण आणि ट्रॉली मिळून १५० किलो धरले तर १:१२ चढावर साडेबारा किलो जोर पुरतो, घसरगुंडीवर तो ४३ किलोवर जातो.

लांब रॅम्प बांधल्याने काम वाचते का? अजिबात नाही. १०० किलो वजन ४५ सेंटिमीटर वर न्यायला लागणारे काम दोन्हीकडे सारखेच. ८.३ किलो जोर ५.४ मीटर लावा, नाहीतर २९ किलो जोर दीड मीटरभर लावा, गुणाकार तोच. निसर्ग सूट देत नाही, फक्त हप्ते पाडून देतो. मात्र आजारी शरीराला एकरकमी भरणे जमत नाही आणि हप्ते जमतात, हाच सगळा फरक. हप्त्यांमध्येही मध्ये दम घ्यायला सपाट टप्पा लागतो. अमेरिकेच्या मानकात दर ३० इंच उंचीला, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटरला, असा टप्पा सक्तीचा आहे. फुफ्फुसाच्या जुनाट विकाराने धाप लागणाऱ्या रुग्णाला तर तो अलीकडेच हवा असतो.

साइन हा शब्द परका वाटतो, पण त्याचे मूळ इथलेच. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने ज्यांची कोष्टके दिली त्या ‘अर्धज्या’. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तिचे ‘जीबा’ केले, पुढे ते ‘जैब’ असे वाचले गेले, आणि लॅटिनमध्ये जैबचे शब्दशः भाषांतर होऊन ‘सायनस’ झाले. नाकाशेजारच्या ज्या पोकळ्यांत सर्दी साठते त्यांचे नावही त्याच लॅटिन शब्दाचे.

चढावरच्या खुर्चीचा दुसरा धोका मागे उलटण्याचा, आणि तिथे पुन्हा टॅन येतो. गवंडी ओळंबा सोडतो तसा ओळंबा बसलेल्या माणसाच्या आणि खुर्चीच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून सोडल्याची कल्पना करावी. तो मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे पडतो तोवर खुर्ची स्थिर. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर आणि मागच्या चाकाच्या टेकण्यापासून १५ सेंटिमीटर पुढे आहे. १५ भागिले ६० म्हणजे ०.२५. ज्या चढाचा टॅन ०.२५, म्हणजे सुमारे १४ अंश, तिथे ओळंबा नेमका चाकाच्या टेकण्यावर येतो. त्यापुढे खुर्ची मागे जाणार. दीड मीटरचा रॅम्प १७ अंशांचा होता, हे इथे आठवावे. प्रत्येक खुर्चीचे आणि माणसाचे आकडे वेगळे. मागे पाठपिशवी अडकवली की ते आणखी बिघडतात. मधुमेहामुळे दोन्ही पाय गुडघ्यावर कापावे लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर पुढचे वजनच नाहीसे झालेले असते, गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून अशा रुग्णांच्या खुर्चीत मागच्या चाकांचा आस मुद्दाम मागे बसवतात. साधी खुर्ची देऊन त्याला तीव्र रॅम्पकडे पाठवले तर डोक्याला मार लागण्याची शक्यता किती, हे सांगायला गणितही नको. उतरताना मदतनीसाने खुर्ची उलटी धरून, स्वतः मागे पाहत, पाठमोरे उतरावे असे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. पाठ उताराकडे, खुर्चीतल्या माणसाचे तोंड चढाकडे. हे रुग्णालयातून घरी सोडतानाच सांगितले गेले तर अनेक अपघात टळतील.

कोसाइनचे काम या गोष्टीत लहान आहे. लगतची बाजू भागिले कर्ण. ढकलणारा उंच असेल, मुठी खाली असतील, तर त्याचा जोर पुढे न जाता तिरका खाली जातो. जितका कोन तिरका तितका उपयोगी वाटा कमी. ३० अंश खाली ढकलले तर ८७ टक्के जोर कामी येतो, ६० अंशांवर निम्माच. उरलेला चाके जमिनीत दाबण्यात जातो. खुर्ची घेताना मुठींची उंची पाहा, एवढाच याचा व्यवहारातला अर्थ.

रॅम्प फक्त खुर्चीसाठी असतो ही समजूतही काढून टाकायला हवी. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले सुमारे ५४ लाख हालचालीच्या अपंगत्वाचे. पण काठी घेऊन चालणारे आजोबा, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली बाई, आठव्या महिन्यातली गरोदर स्त्री, पाय प्लॅस्टरमधला कॉलेजचा मुलगा यातल्या कुणाचीच नोंद तिथे नसते आणि पायऱ्या टाळून रॅम्पकडे वळणारे हेच असतात. चालणाऱ्याच्या बाबतीत चढाचा कोन थेट घोट्यात जातो. रॅम्प १७ अंशांचा तर पाऊल नडगीकडे तेवढेच वळले पाहिजे. निरोगी घोटा साधारण २० अंशांपर्यंत वर वळतो. अर्धांगवायूत पोटरीचे स्नायू आखडले असतील तर तो काटकोनाच्याही पुढे जात नाही. मग माणूस टाच उचलून, तोल सावरत, कठड्याला लोंबकळत चढतो. कठडा असला तर. उतरताना गुडघ्याची कसोटी लागते. आणि पावसाळ्यात घर्षणाचा प्रश्न. वस्तू ज्या कोनावर आपोआप घसरू लागते त्या कोनाचा टॅन म्हणजेच त्या पृष्ठभागाचा घर्षण गुणांक. १:१२ रॅम्पवर घर्षणातला ०.०८ इतका वाटा केवळ उभे राहण्यात खर्ची पडतो, घसरगुंडीवर ०.३. ओल्या चकचकीत फरशीवर तेवढे घर्षण शिल्लक असतेच असे नाही. तरी दवाखान्याच्या रॅम्पवर ग्रॅनाइट बसवण्याची हौस काही फिटत नाही.

१:१२ हा आकडा आला कुठून? दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक अमेरिकेत शिकायला परतले तेव्हा इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी त्यांच्यासाठी कार्यक्रम सुरू केला. त्या कामातून १९६१ मध्ये तिथले पहिले राष्ट्रीय मानक तयार झाले. रॅम्पचा चढ १२ फुटांना एक फूट, ८.३३ टक्के किंवा ४ अंश ५० मिनिटे यापेक्षा जास्त नसावा, असे त्यात लिहिले होते. काटेकोर हिशेबाने कोन ४ अंश ४६ मिनिटे येतो. चार मिनिटे त्यांनी उदारपणे वाढवून दिली. ही कमाल मर्यादा आहे, आदर्श नव्हे, हे मात्र तेव्हापासून आजवर लोक विसरत आले आहेत. कमकुवत हातांच्या माणसाला १:१२ सुद्धा जड जातो. १:१५ वर १०० किलोमागे ६.७ किलो जोर पुरतो, १:२० वर ५ किलो. जागा असेल तिथे, आणि रुग्णालयाच्या आवारात ती बहुधा असते, १:२० का नको?

त्याच ओळीत तीन भाषांत सांगितलेला एकच चढ आणखी एक धोका दाखवतो. ८.३३ टक्के आणि ८.३३ अंश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टक्के म्हणजे टॅन गुणिले शंभर. कुणी ते अंश समजून ८ अंशांचा रॅम्प बांधला तर चढ १:७ होतो. कुणी १:१२ मधले १२ अंश समजला तर १:५ हूनही तीव्र. म्हणून नव्या नियमांत गुणोत्तर एकाच पद्धतीने, शक्य तर सेंटिमीटरच्या उदाहरणासह लिहिणे गरजेचे आहे. जाता जाता, गणिताच्या पुस्तकात उन्नत कोन आणि अवनत कोन शिकवायला झाड, दीपगृह आणि पतंग येतात. शाळेच्या दारातला रॅम्प मोजायला लावला तर मुलांना टॅन कळेल आणि शाळेला आपला रॅम्प.

मोजणे अवघडही नाही. गवंड्याची ६० सेंटिमीटरची पाणसळ रॅम्पवर चढाच्या दिशेने ठेवावी. खालचे टोक उचलत बुडबुडा मध्यावर आणावा. आता त्या टोकाखाली जी फट पडते ती मोजावी. ६० भागिले १२ म्हणजे ५. फट ५ सेंटिमीटर किंवा कमी असेल तर रॅम्प नियमात. ९ असेल तर नाही. दोन फुटांची पाणसळ असेल तर दोन इंच. एकाच जागी मोजून चालत नाही, कारण अनेक रॅम्प वर सौम्य आणि पायथ्याशी खडे असतात; सरासरी निघते बरोबर आणि खुर्ची अडकते पायथ्याशी. पाणसळ नसेल तर टेपने जोत्याची उंची आणि रॅम्पची लांबी घेऊन भागाकार करावा. लांबी तिरकी मोजली गेली, म्हणजे टॅनऐवजी साइन निघाला, तरी इथे बिघडत नाही. ५४० सेंटिमीटरच्या जागी ५४२ येतील. लहान कोनात साइन आणि टॅन जवळजवळ जुळे असतात. ४५ अंशांवर मात्र एक ०.७१ आणि दुसरा पूर्ण १. मोबाइलमध्ये कोन दाखवणारे अॅप असते, त्यावर पावणेपाच अंशांच्या आत आकडा आला पाहिजे.

जागा नाही, ही तक्रार खोटी नसते. गावठाणातल्या दवाखान्याने साडेपाच मीटर आणायचे कुठून? पण रॅम्प सरळच असावा असे कुठे आहे? २.७ मीटरचे दोन भाग करून मध्ये दीड मीटरचा वळणाचा सपाट टप्पा दिला की सव्वाचार मीटरमध्ये काम होते. बाजूच्या दाराचे जोते ठेंगणे असेल तर तिकडून रस्ता काढता येतो. काही ठिकाणी छोटी लिफ्ट लागेल. तपासणीची खोली तळमजल्यावर आणणे तर फुकट आहे. नव्या बांधकामाला यातली कोणतीच सबब लागू नाही. तिथे प्रश्न फक्त जोते घालण्याआधी हा भागाकार केला की नाही एवढाच.

कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार मानके न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळता कामा नये. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती; ती जून २०२२ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढच्याला ५० हजार ते ५ लाख असा दंड कायद्यात आहे. पण ‘सुलभ प्रवेश असावा’ या वाक्यावर दंड करता येत नाही, वाद घालता येतो. ‘फट ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे’ यावर करता येतो. सल्ल्याचा नियम झाल्यावर बदलणार आहे ते हे. सुगम्य भारत अभियानाला ३ डिसेंबर २०२४ ला नऊ वर्षे झाली, तेव्हाही तपासणी बव्हंशी ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन रकान्यांत अडकलेली होती.

आकडा बंधनकारक झाला तरी आकड्याआडून चुकवेगिरी होईल, हेही धरून चालावे. रॅम्प १:१२ आणि वर दाराला पाच सेंटिमीटरचा उंबरठा. रॅम्प १:१२ आणि पायथ्याशी ओळीने दुचाकी. रॅम्प १:१२ आणि तिकडचे दार कायम कुलूपबंद, किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. यासाठी रॅम्पचा नियम प्रवेशद्वारापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंतच्या सलग वाटेला लागू व्हावा लागेल, आणि पूर्णत्वाच्या दाखल्यावर जोत्याची उंची, रॅम्पची लांबी व त्यांचा भागाकार हे तीन आकडे, मोजणाऱ्याच्या सहीसह, छापावे लागतील. न्यायालयाने दिलेली मुदत ८ फेब्रुवारी २०२५ ला संपली.